ढोमशांकडचं मेहूण

"ही वेस पेशवेकालीन," सायकलवरून न उतरता सप्रे म्हणाले. "आणि ती पलीकडची बारव, ती यादवकालीन."

"आणि हा फ्लेक्स?" मी विचारलं.

वेशीवर कुणा दादांच्या वाढदिवसाचा एवढा मोठा फ्लेक्स टांगला होता की मागे कमान आहे हे सप्र्यांच्या शब्दावरच मानायचं. सप्र्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. ते आमच्या मोहिमेचे प्रमुख. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा अभ्यास दांडगा झाला होता. दगड काळा दिसला की तो हेमाडपंती, त्यावर शेवाळ असलं की यादवकालीन आणि चुना असला की पेशवेकालीन. ठाण्याहून आम्ही बाराजण आलो होतो, 'द्राक्षं, दगड आणि दोन चाकं' अशा नावाच्या सहलीला. सकाळी सायकल, दुपारी जुनं गाव, संध्याकाळी वाइन. नाशिककडे कादवा नदीच्या काठाकाठाने तीन दिवस. पहिल्या दिवशी पाच देवळं आणि एक गढी पाहून झाली होती, आणि माझ्या गुडघ्यांचा काळ कुठला हे सप्र्यांना विचारायची वेळ आली होती.

विद्याधर नेहमीप्रमाणे पुढे निघून गेला होता. विद्याधर माझा नवरा. निदान सोमवारपर्यंत.

सोमवारी अकरा वाजता आम्हाला वकिलांकडे जायचं होतं. वेगळं व्हायचं डिसेंबरात ठरलं, पण सहलीचे पैसे नोव्हेंबरातच भरून झाले होते आणि ते परत मिळणार नव्हते. बावीस वर्षांचा संसार मोडायला दोघांचीही तयारी होती. भरलेले पैसे बुडवायला मात्र एकाचीही नव्हती. बऱ्याच वर्षांत आमचं ज्यावर एकमत झालं अशी ती पहिली गोष्ट.

आमच्यात भांडणं होती असं कुणी समजू नये. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. विद्याधर बॉयलर निरीक्षक. काट्यावर जो दाब दिसेल तो लिहायचा, खाली सही करायची, पुढच्या कारखान्यात जायचं. खोटं लिहायचं नाही आणि जास्त लिहायचं नाही. कामाच्या ठिकाणी त्याला फार मान होता. घरात मी काही बॉयलर नव्हते, त्यामुळे माझ्यावर काटा नव्हता. आदल्या जूनमध्ये माझ्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी तपासायला तुकडा काढायचा म्हणून सांगितलं. सकाळी स्वयंपाकघरात मी त्याला ते सांगितलं, तर तो "बरं" म्हणाला आणि डबा उचलून कामाला गेला. मी रिक्षाने एकटी हॉस्पिटलात गेले, एकटी परत आले. गाठ साधी निघाली. पण त्या दिवशी माझ्यापुरतं ठरलं. मुलगी, रेवा, बंगळुरूला नोकरी करत होती. रविवारी घरी पोचलो की तिला फोनवर सांगायचं आणि सोमवारी वकील, असा बेत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण तो शनिवार माझ्या डोक्यातून जात नाही.

वेस ओलांडून आम्ही खेडगव्हाणमध्ये शिरलो. देऊळ पाहिलं, बारवेत तरंगणारे प्लॅस्टिकचे ग्लास पाहिले आणि गावाबाहेरच्या माळावर ढोमशांच्या वाइनरीत पोचलो. तिथे आम्हाला द्राक्षं गाळताना दाखवणार होते. अंगणात निळ्या कॅरेटांच्या रांगाच्या रांगा होत्या. काळी, बारीक, बियाळ द्राक्षं. आमच्यातल्या दोघांनी गुपचूप एकेक तोंडात टाकलं आणि गुपचूप थुंकलं. बायका-पुरुष सावलीला बसले होते. मशीन बंद होतं. आणि पांढऱ्या शर्टातला पन्नाशीचा एक माणूस फोन कानाला लावून इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. तो मालक, कचेश्वर ढोमसे.

"लाईट गेली का?" सप्र्यांनी विचारलं.

"लाईट हाय ओ. मेहूण नाय," कचेश्वर म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. वडलांपासूनची रीत होती. पहिली तोडणी झाली की बाहेरचं एक मेहूण बोलवायचं. नवरा-बायकोला जोडीने पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, आणि पहिलं कॅरेट त्यांच्या हाताने रिचवायचं. मग त्यांना जेवू घालायचं. वडलांच्या वेळी ते कॅरेट मुंबईच्या ट्रकमध्ये जायचं, आता मशीनमध्ये जात होतं, एवढाच फरक. दरवर्षी कचेश्वरची बहीण आणि दाजी बसायचे. आज पहाटे दाजींच्या भावकीत कुणी वारलं आणि सुतक पडलं.

"मग गावातलं कुणी बोलवा," मी म्हणाले.

"गाव माळकरी हाय, ताई. द्राक्षं मला घालत्यात, पण मेहूण म्हणून बसायला नाय येत. दारूच्या कारखान्याचं मेहूण म्हणून नाव पडंल म्हणत्यात."

म्हणजे द्राक्षं विकेपर्यंत पाप नव्हतं, पाटावर टेकलं की लागत होतं. मला हे गाव आवडायला लागलं होतं.

"मग या वर्षी राहू दे की मेहूण," आमच्यातलं कुणीतरी म्हणालं.

कचेश्वरने ओसरीकडे बोट केलं. तिथे त्याची आई, गयाबाई, हळदी-कुंकवाचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काटक बाई. मशीनच्या बटनाला कुलूप आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेला.

"पहाटंपासून तोडलेला माल हाय," कचेश्वर म्हणाला. "ऊन तापायच्या आत मशीनीत गेला पायजे. नाय तर हितंच आंबायला लागंल. सालभराचं काम हाय ओ."

त्याचा चेहरा पाहून सप्र्यांची छाती पुढे आली. "अहो, मेहूण काय, आमच्यात पाहिजे तेवढी आहेत!"

नव्हती. सप्रे स्वतः विधुर. दोघी डॉक्टर बहिणी, त्या अविवाहित. पाच पुरुष बायकांना घरी ठेवून आलेले, म्हणजे त्या बायका शहाण्या. सगळ्यांच्या नजरा आमच्यातल्या तरुण जोडीकडे, अद्वैत आणि केतकीकडे वळल्या. कचेश्वरची बायको छाया कुंकवाचा करंडा घेऊन केतकीपुढे उभी राहिली, तेव्हा केतकी खोकली. "आम्ही अजून... म्हणजे आमचं तसं लग्न वगैरे..." त्या दोघांना एका खोलीच्या किल्ल्या सप्र्यांनीच आदल्या रात्री आपल्या हाताने दिल्या होत्या. सप्रे आधी लाल झाले, मग एकदम उजळले.

"उज्ज्वलाताई! विद्याधरराव!" ते ओरडले. "अहो ढोमसे, आदर्श जोडपं! बावीस वर्षं! मी यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. कधी यांच्या घरातून वरचा आवाज ऐकला नाही!"

हे मात्र खरं होतं. खालचाही ऐकला नसेल.

मी विद्याधरला नळाजवळ बाजूला घेतलं.

"सांगून टाकू या," मी म्हणाले.

"काय?"

"सोमवारचं. आपण कसले मेहूण म्हणून बसतोय?"

त्याने कॅरेटांच्या रांगांकडे पाहिलं. "माल तापेल."

"अरे, पण ही लबाडी आहे."

"कायद्याने आहोत अजून," तो म्हणाला. महिन्याभरात त्याने माझ्याशी बोललेली ती सर्वांत लांब वाक्यं, आणि त्यातलं एक द्राक्षांविषयी होतं.

मला छायाने आत नेऊन तिची पैठणी नेसवली. येवला जवळ, त्यामुळे पैठणी खरी. आत मात्र माझी सायकलची चड्डी, जिला मागे जाड गादी शिवलेली असते. छायाने ती चाचपून पाहिली. "राहू द्या, ताई. पाटावर बसायला बरीच हाय." ती मनापासून म्हणाली, त्यामुळे मला हसताही येईना. बाहेर आले तर विद्याधर तंग काळ्या पायजम्यावर उपरणं आणि हेल्मेटच्या जागी पांढरी टोपी घालून पाटावर बसलेला. बाकीचे दहाजण मोबाईल काढून उभे. लग्नातसुद्धा आमचे एवढे फोटो निघाले नव्हते.

गयाबाईंनी आधी त्याचे पाय धुतले, मग माझे. नुसतं पाणी सोडणं नाही. बोटांच्या बेचक्यांतली धूळ अंगठ्याने काढली, टाचा चोळल्या. मी पाय मागे घेतला तर घोटा धरून पुढे ओढला. मला कुणी असे पाय धुतलेले आठवत नव्हते. हे सगळं फसवून घेतोय असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुंकू लावून झाल्यावर गयाबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मेहूण रुसून आलं का हसून आलं?"

"हसून म्हणायचं," छाया माझ्या कानात पुटपुटली. "दोघांनी म्हणायचं. रीत हाय."

"हसून," मी खणखणीत म्हणाले.

गयाबाईंनी विद्याधरकडे पाहिलं. त्याने विचार केला. खरंच केला. जणू काचेला डोळा लावून काटा बघतोय. मला पुढचं दिसलं आणि मी त्याच्या मांडीला चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता.

"रुसून," तो म्हणाला.

 गयाबाई जराशा मागे सरकल्या. "कोन रुसलंय?"

"दोघंही. सोमवारी वकिलाकडे जायचंय. वेगळं व्हायला."

कुणाच्या तरी हातातून पाण्याची बाटली पडली. सप्रे असतील.

"दुसरं काही बोलता आलं नाही का तुला?" मी दातओठ खात म्हणाले.

"त्यांनी विचारलं," तो म्हणाला.

बावीस वर्षं मी विचारत होते. दिवाळीला, वाढदिवसाला, तो खिडकीशी उभा असताना. काय झालंय, काय चाललंय मनात. आणि हा माणूस एका परक्या म्हातारीच्या पहिल्याच प्रश्नाला, दहा सायकलवाले आणि वीसएक मजूर बायकांच्या समोर, भडाभडा खरं सांगून मोकळा झाला होता. लाज वाटलीच. पण त्याहून जास्त मला हेवा वाटला.

गयाबाई उठल्या. "रुसलेल्या मेहुणाच्या हातचा रस नासतो. जा, आत बसा दोगं. मिटवा, मंग या."

"आई, अगं," कचेश्वर रडकुंडीला आला, "त्यांला वेगळं व्हायचंय. ते काय पाच मिनटात मिटतंय का?"

"मंग धा घे म्हनावं," गयाबाई म्हणाल्या आणि किल्ली कमरेला खोचून परत ओसरीवर जाऊन बसल्या.

मग जे झालं ते कुठल्याही कुटुंब न्यायालयाला जमणार नाही. सप्रे पुढे आले आणि क्षमा हा संसाराचा पाया आहे असं काहीतरी म्हणायला लागले. थोरल्या डॉक्टरबाईंनी मला बीपीची गोळी घेतली का विचारलं. लग्न न झालेली केतकी म्हणाली की नात्यात संवाद हवा. सावलीतल्या एका बाईने मोठ्याने विचारलं, "दारू पितो का?" दुसरी म्हणाली, "दारूच्या कारखान्यात इचारती बग." कचेश्वरने मात्र माझ्यापुढे हात जोडले.

"ताई, तुमच्या घरातलं हाय, मी काय बोलू. पर जरा लवकर मिटवा. माल तापतोय."

छायाने आम्हाला खाली तळघरात नेलं, जिथे वाइनची पिंपं ठेवतात. लाकडी पिंपं, मिणमिणते दिवे आणि गार हवा. उन्हातून आल्यावर अंगावर काटा आला. तिने दोन रिकामी कॅरेटं पालथी घातली, दार लोटून घेतलं आणि गेली. मी पैठणी सावरून एका कॅरेटवर बसले, तो दुसऱ्यावर. त्याच्या डोक्यावर अजून टोपी होती.

"बोल," मी म्हणाले. "बाहेर तर छान बोललास."

तो समोरच्या पिंपावरचं लेबल वाचायला लागला.

"मला तुझ्याकडून आता काहीही नको आहे, विद्याधर. बाहेर त्या माणसाची द्राक्षं तापतायत, एवढंच. काहीतरी बोल म्हणजे बाहेर जाऊन 'मिटलं' म्हणता येईल. नाहीतर तू परत रुसून म्हणशील."

दारावर टकटक झाली. "ताई, झालं का?" कचेश्वरचा आवाज.

"नाही!" मी ओरडले.

पावलं गेली. विद्याधरने टोपी काढली आणि तिची घडी घालायला लागला.

"मी होतो तिथे," तो म्हणाला.

"कुठे?"

"हॉस्पिटलला. तुझी गाठ तपासली त्या दिवशी."

मला कळेचना. "तू कामाला गेला होतास. डबा घेऊन."

"रजा टाकली होती. खाली पार्किंगमध्ये होतो. स्कूटरवर."

"किती वेळ?"

"तू बाहेर येईपर्यंत."

"काय करत होतास?"

"बसलो होतो." टोपीची घडी पूर्ण झाली. त्याने ती उलगडली आणि परत घालायला घेतली. "डबा खाल्ला नाही."

 "वर का नाही आलास?"

 वर कुणीतरी कॅरेटं सावलीत ओढत असल्याचा आवाज येत होता.

"भीती वाटली," तो म्हणाला. "डॉक्टर काहीतरी सांगतील, आणि मग मला काहीतरी बोलावं लागेल. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. दहादा जिन्यापर्यंत गेलो. मग तू बाहेर आलीस आणि रिक्षावाल्याशी हुज्जत घालायला लागलीस. तो मीटर टाकत नव्हता. तेव्हा कळलं, सगळं ठीक आहे."

मी हसले. मला रडू येत होतं आणि मी हसले. मग मला एवढा राग आला की मी उठून उभी राहिले.

"मला वर हवा होतास तू! वरती! त्या बाकावर बसले होते मी, शेजारी कुणाचातरी नवरा कुणाच्यातरी पाठीवरून हात फिरवत होता, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. खाली कशाला हवा होतास? खाली रखवालदार होता!"

"हो," तो म्हणाला.

"नुसतं हो?"

"हो. वर यायला हवं होतं. चुकलं माझं." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते, आणि ते मी पहिल्यांदा पाहत होते. त्याची आई गेली तेव्हासुद्धा नव्हते. "पण उज्ज्वला, पुढच्या वेळीही मी खालीच बसेन. मला माहीत आहे. मी ठरवेन वर यायचं, आणि खालीच बसेन."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मी बदलेन. मग मी विरघळले असते, आणि पुढची वीस वर्षं पुन्हा कॅलेंडर वाचत बसले असते. हा माणूस रडता रडतासुद्धा काट्यावर दिसला तेवढाच दाब सांगत होता. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. कितीतरी महिने जपून ठेवलेला राग, चांगला मोठा झालेला. मी परत कॅरेटवर बसले आणि पैठणीच्या पदराला डोळे पुसले, मग पदर छायाचा आहे हे आठवून हाताने पुसले.

"मला बोलणारा माणूस लागतो, विद्याधर."

"माहीत आहे."

"तू वाईट नाहीस."

"तूही नाहीस. म्हणजे," तो अडखळला, "तू खूप चांगली आहेस. हे बोललो नव्हतो कधी."

"नव्हतास."

पुन्हा टकटक. "ताई, झालं का? का थोडं राहिलंय?"

"थोडं राहिलंय!" मी म्हणाले, पण राहिलं काही नव्हतं. आम्ही नुसते बसलो होतो. तळघर गार होतं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं गप्प बसणं मला खुपत नव्हतं. त्याने एकदा विचारलं, "सोमवारी जायचं ना?" मी म्हणाले, "जायचं." तो म्हणाला, "रेवाला मी सांगतो. मी बोलतो तिच्याशी." मी मान डोलावली.

वर आलो तेव्हा अंगणात सगळे उभेच होते. निकालाच्या दिवशी शाळेबाहेर पालक उभे राहतात तसे. गयाबाई समोर आल्या.

"मिटलं?"

मी विद्याधरकडे पाहिलं. 

"भांडण मिटलं," तो म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"खरं, आजी," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. वकिलाचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, म्हणून मी त्याच्या उपरण्याला धरून त्याला तडक पहिल्या कॅरेटकडे ओढत नेलं.

कॅरेट जड असतं. एक बाजू त्याने धरली, एक मी. पैठणी पायात येत होती. "तुझी बाजू खाली जातेय," तो म्हणाला. "मग तुझी खाली कर," मी म्हणाले. त्याने केली. मशीनच्या तोंडाशी आम्ही ते कसंबसं चढवलं आणि तिरकं केलं. काळी द्राक्षं धाडधाड आत गेली, गयाबाईंनी कुलूप काढलं, कचेश्वरने बटन दाबलं. मशीन गरगरायला लागलं तसे सगळे टाळ्या वाजवायला लागले. सप्रे रडत होते. एक संसार आपण वाचवला असं त्यांना वाटत होतं, आणि तिकडे सावलीतली ती बाई दुसरीला म्हणत होती, "बग, दारू पीत नसल."

जेवायला मांडे होते. कचेश्वरने आम्हाला खास गेल्या वर्षीची वाइन दिली आणि विद्याधरने ती एका घोटात संपवून अजून मागितली.

रविवारी रेवाला फोन त्याने केला. बराच वेळ दोघं बोलत होते. मी दुसऱ्या खोलीत होते. शेवटी ती माझ्याशी बोलली तेव्हा रडत होती, पण म्हणाली, "बाबा किती बोलले गं." सोमवारी अकराला आम्ही वकिलांकडे गेलो. तिथे सगळं एवढं सुरळीत झालं की वकीलबाईंना संशय आला. एप्रिलमध्ये तो बदलापूरला राहायला गेला. सामान हलवताना दोन्ही ट्रिपा मी त्याच्याबरोबर टेम्पोत बसून केल्या. सप्रे मात्र जिन्यात दिसले की मान फिरवायचे. आम्ही त्यांची फसवणूक केली होती म्हणे.

पुढच्या फेब्रुवारीत छायाचा फोन आला. मी भात कुकरला लावत होते.

"ताई, येत्या शनिवारी पहिली तोडणी हाय. मेहूण म्हणून यायचं. दाजी मोकळे हायेत, पर आई म्हनत्यात, तेच मेहूण पायजे. गेल्या सालचा रस लय भारी निघाला."

मी कुकर गॅसवर ठेवला. मग सांगून टाकलं. "छाया, आम्ही वेगळे झालोय गं. तो बदलापूरला असतो. कोर्टाचं कामही होत आलंय."

पलीकडे मग फोनवर हात ठेवून काहीतरी बोलणं झालं, कुणीतरी कुणालातरी रागावलं, आणि गयाबाईंचा आवाज आला.

"पुना भांडलात का?"

"नाही, आजी. भांडण तेव्हाच मिटलं. तुमच्याकडेच."

"मंग?"

"मग काही नाही. वेगळे राहतो आता."

 मला वाटलं आता फोन ठेवतील.

"माझा मालक अन् मी," गयाबाई म्हणाल्या, "एका घरात ऱ्हाऊन बारा साल बोललो नाय. अन् गावभर मेहूण म्हनून जेवलो. कुनी इचारलं नाय." मग म्हणाल्या, "लाभलेलं मेहूण बदलत नसत्यात. दोगं या. उन्हं व्हायच्या आत या." आणि फोन ठेवला.

मी विद्याधरला फोन लावला. आमचं बोलणं व्हायचं अधूनमधून, कामापुरतं.

"ढोमशांच्या आजींनी बोलावलंय. शनिवारी. मेहूण म्हणून."

"आपल्याला?"

"आपल्याला. मी सगळं सांगितलं, तरी."

"जाऊ की," तो म्हणाला. आणि मग थांबला नाही. म्हणाला, सायकलची चेन बदलायला हवी, पडून पडून गंजली आहे. म्हणाला, या वेळी गाडीने नाशिकपर्यंत जाऊ आणि तिथून सायकली काढू, तुझ्या गुडघ्याला चढ नको. गुडघा कसा आहे? बदलापूरला शेजारी एक कुत्रा आहे, तो माझ्याच दारात येऊन झोपतो. उपमा करायला शिकलोय, पण गुठळ्या होतात, रवा आधी भाजायचा असतो का? रेवाला बढती मिळणार आहे बहुतेक, तुला बोलली का? कुकरच्या शिट्या होत होत्या. मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि फोन कानाशी धरून बसले. तो बोलत होता, आणि तो बोलत असतानाच मला त्याची फार आठवण आली.